सर, आख्खं पुस्तक झेरॉक्स काढू का?

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. सबमिशनचा आठवडा होता आणि लायब्ररीच्या काउंटरवर नेहमीसारखीच झुंबड. माझा रूम पार्टनर टीई सिव्हिलला आहे. गाव डिंभे धरणाच्या पलीकडे, भरपावसात एसटी येईलच याची खात्री नसलेल्या पट्ट्यात. घरी भाताची खाचरं आणि हिरडा. त्याला फाउंडेशनचं एक पुस्तक हवं होतं. लायब्ररीत प्रत एकच, तीही 'रेफरन्स'चा लाल शिक्का मारलेली, म्हणजे रूमवर न्यायची नाही. विकत घ्यायला गेलं तर साडेनऊशे रुपये. हिरड्याच्या एका पोत्याचं गणित तो तिथल्या तिथे मनात करत होता हे मला दिसत होतं.

त्याने हळूच विचारलं, "सर, आख्खं पुस्तक झेरॉक्स काढू का? तासाभरात परत आणतो."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि भिंतीवरच्या पिवळ्या पडलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. त्यावर लिहिलं होतं: 'कॉपीराइट कायद्यानुसार पुस्तकांची झेरॉक्स काढण्यास सक्त मनाई आहे.' विषय संपला.

गंमत म्हणजे गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात असं काही विचारत नाहीत. तिथे स्पायरल मारून, वर निळा प्लॅस्टिक कागद लावून पुस्तकाचं पुस्तक हातात मिळतं. आत सक्त मनाई आणि बाहेर सक्त मोकळीक! या दोन्हींतलं कायद्याचं काय, हा प्रश्न डोक्यात राहिला. मग सरांनाच गाठलं. "कायदा वाच की मग," म्हणून त्यांनी कपाटातून प्रत काढून दिली. दोन रविवार रीडिंग हॉलमध्ये घालवले, त्यातून हा लेख. (त्या दोन रविवारी मेसची फीस्ट चुकली, हे संपादकांनी नोंदवून ठेवावे.)

तर मंडळी, पहिल्यापासून. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. २१ जानेवारी १९५८ पासून तो अमलात आला, नंतर अनेकदा बदलला. सगळ्यात मोठा अलीकडचा बदल २०१२ चा. या कायद्याचं संरक्षण कल्पनेला नसतं, मांडणीला असतं. बर्नोलीचं समीकरण कुणाच्या बापाचं नाही, पण ते समजावून सांगायला एखाद्या लेखकाने लिहिलेला धडा, काढलेल्या आकृत्या, तयार केलेली सोडवलेली उदाहरणं त्याची. आणि हा हक्क मिळवायला कुठे अर्ज करावा लागत नाही. लिहिलं की मिळाला. म्हणजे तुम्ही रात्री दोनला लिहिलेला प्रोजेक्ट रिपोर्ट तुमचा आहे आणि याच अंकात पुढे छापलेली ती पावसाची कविताही तिच्या कवीची आहे, जरी ती वाचून काहींना कवीचा शोध घ्यावासा वाटला तरी.

हा हक्क किती काळ? लेखक हयात असेपर्यंत, आणि तो गेल्यानंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले. त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ संपता संपता संपणार होता. तेव्हा मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली आणि ती सगळ्यांनाच लागू झाली. एका कवीसाठी सगळ्या देशाच्या कायद्याचं घड्याळ मागे फिरवलं गेलं, असं म्हणायला हरकत नाही.

या हिशेबाने बघा. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' कुणीही छापू शकतो. एकाच पुस्तकाच्या इतक्या वेगवेगळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या दुकानात का दिसतात, याचं उत्तर यात आहे. बहिणाबाई चौधरींचं प्रकरण थोडं वेगळं. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात, त्यामुळे ती मोकळी झाली २०१३ मध्ये. अण्णाभाऊ साठे आणि आचार्य अत्रे दोघेही १९६९ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०२९ संपेपर्यंत थांबायचं. पु. ल. २००० साली गेले. त्यांची पुस्तकं मोकळी होतील १ जानेवारी २०६१ ला. तोपर्यंत आपण रिटायर झालेले असू.

आपल्या लायनीतलं उदाहरण सांगायचं तर सर विश्वेश्वरय्या. पुण्याच्या कॉलेजात शिकले, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले, दर १५ सप्टेंबरला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. ते १४ एप्रिल १९६२ रोजी गेले. म्हणजे त्यांची स्वतःची पुस्तकं १ जानेवारी २०२३ पासून सगळ्यांची झाली. स्कॅन करा, मराठीत भाषांतर करा, कॉलेजच्या सर्व्हरवर ठेवा, कुणाची परवानगी नको. आपल्याला याचा पत्ताही लागला नाही. यंदाच्या इंजिनिअर्स डेला हार थोडा लहान आणून हे एक काम केलं तर?

पण खरं सांगायचं तर ही ६० वर्षांची मुदत सिलॅबसच्या पुस्तकांसाठी काहीच कामाची नाही. एम-फोरचं किंवा डिझाइनचं पुस्तक ज्या दिवशी मोकळं होईल त्या दिवशी ते कालबाह्यही झालेलं असेल. म्हणून आपल्याला महत्त्वाचं आहे ते कलम ५२. हक्क मालकाचा असला तरी कोणत्या कामांना त्याची परवानगी लागत नाही, याची लांबलचक यादी या कलमात आहे. भिंतीवरचा पिवळा कागद लिहिणाऱ्याने बहुधा हे कलम वाचलं नव्हतं.

पहिलीच सवलत अशी, की खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, ज्यात संशोधनही आलं, आणि टीका किंवा परीक्षण करण्यासाठी 'रास्त' वापर केला तर तो कॉपीराइटचा भंग नाही. मात्र यातून कॉम्प्युटर प्रोग्रॅम वगळलेले आहेत. त्यामुळे हॉस्टेलवरच्या क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी इथे आनंदाने उड्या मारू नयेत. 'रास्त' म्हणजे किती पानं, हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. दहा टक्के, एक धडा वगैरे जे आकडे आपण ऐकतो ते दुसऱ्या देशांतले नाहीतर लोकांच्या मनातले.

दुसरी सवलत शिक्षणाची. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेली नक्कल, प्रश्नपत्रिकेत वापरलेला मजकूर, उत्तरपत्रिकेत लिहिलेला मजकूर, हे सगळं चालतं. हे वाक्य कायद्यात कितीतरी वर्षं शांतपणे पडून होतं. त्याचा खरा अर्थ काय, हे ठरलं ते एका झेरॉक्सच्या दुकानामुळे. ही कथा आपल्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याला आणि प्रत्येक ग्रंथपालाला माहीत असायला हवी, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दिल्ली विद्यापीठात दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचं छोटं दुकान होतं. विद्यापीठानेच त्याला जागा आणि परवाना दिलेला. प्राध्यापक वाचनाची यादी देत, या पुस्तकातला एक धडा, त्या पुस्तकातले दोन. दुकानदार ती पानं लायब्ररीतल्या पुस्तकांवरून काढून, बांधून संच विकायचा. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. पुढे न्यायालयाने संच विकायला तात्पुरती मनाईही केली.

मुलं गप्प बसली नाहीत. त्यांनी संघटना करून खटल्यात पक्षकार म्हणून प्रवेश मिळवला, शिक्षकांनीही तेच केलं. ज्यांची पानं या संचांत होती अशा अनेक लेखकांनीच प्रकाशकांना दावा मागे घ्या असं कळवलं. अमर्त्य सेन यांनीही पत्र लिहून प्रकाशकांना फेरविचार करायला सांगितलं. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही निसर्गाने दिलेला हक्क नाही, समाजात ज्ञान वाढावं म्हणून कायद्याने दिलेला हक्क आहे, असा त्यांच्या निकालाचा रोख. निकालात त्यांनी स्वतःच्या विद्यार्थिदशेची आठवणही लिहिली आहे. तेव्हा झेरॉक्स महाग आणि वेळखाऊ, म्हणून मुलं पाळीपाळीने लायब्ररीत बसून पानंच्या पानं हाताने उतरवून घेत. हाताने उतरवलेलं चालत होतं, तर मशिनने काढलेलं का नाही, हा साधा प्रश्न.

प्रकाशक अपिलात गेले. ९ डिसेंबर २०१६ रोजी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानेही मूळ मुद्दा मान्य केला. शिकवण्याच्या कामासाठी जेवढं लागतं तेवढं घेता येतं आणि तिथे पानांची मोजपट्टी लावायची नाही. मात्र खंडपीठाने दोन गोष्टी पुढच्या सुनावणीसाठी उघड्या ठेवल्या. संचातली पानं अभ्यासक्रमासाठी खरंच आवश्यक होती का, आणि पूर्ण पुस्तकंच्या पुस्तकं काढली असतील तर त्याचं काय. ती सुनावणी झालीच नाही, कारण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. परवाने देणाऱ्या एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तिथेही मे २०१७ मध्ये दार बंद झालं.

आता माझ्या रूम पार्टनरच्या प्रश्नाकडे या. सिलॅबसमधले धडे, मॅडमनी सांगितलेले, शिकण्यासाठी काढले तर या निकालाचा भक्कम आधार आहे. म्हणजे 'सक्त मनाई'चा कागद चुकीचा. पण बाजारात मिळणारं आख्खं पुस्तक पहिल्या पानापासून मलपृष्ठापर्यंत काढलं, तर हा निकाल आपल्या पाठीशी उभा राहीलच असं नाही. आणि दुकानदाराने एकाच पुस्तकाच्या साठ कॉप्या मारून, थप्पी लावून, वर्गाला विकल्या तर ते शिक्षण नाही, तो धंदा. कायद्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या अशा भंगासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड लिहिलेला आहे. हे मी गेटबाहेरच्या दादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अरे, तू गिऱ्हाईक आहेस का पोलीस?" आणि मला माझ्या जर्नलची पानं मोजून दिली.

लेखकाची बाजूही आहेच. आपल्याकडे 'लोकल ऑथर' म्हणून ज्यांना हसायची पद्धत आहे, त्यातले बरेचसे आपल्यासारख्याच कॉलेजांत शिकवणारे मास्तर असतात. आमच्या एका सरांनी तीन वर्षं खपून पुस्तक लिहिलं. छापून आल्यावर आठवड्यात त्याची पीडीएफ आमच्या बॅचच्या ग्रुपवर. टाकणारा आमच्यातलाच एक, वाचणारे आम्ही सगळे, मीसुद्धा. सर वर्गात काही बोलले नाहीत. फक्त पुढच्या आवृत्तीचं काम थांबवलं असं नंतर कळलं. ऑक्सफर्डसारखा प्रकाशक आणि हे सर, या दोघांना एकाच कायद्याच्या तागडीत तोलणं मला तरी जमत नाही. पण कायद्याला ते तोलावं लागतं हे खरं.

झेरॉक्सचं इतकं रामायण झालं, पण लायब्ररी मुळात पुस्तक उसनं देऊ शकते ते कशाच्या जोरावर? तर एकदा विकली गेलेली प्रत पुन्हा विकायला, द्यायला, उसनी द्यायला लेखकाला विचारावं लागत नाही. या एका तत्त्वावर आपली बुक बँक चालते, सीनियरकडून अर्ध्या किमतीत पुस्तकं मिळतात, आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांची ती अख्खी दुनिया उभी राहते. अमेरिकेत यावरून एक मजेदार खटला झाला. सुपाप किर्तसांग नावाचा थायलंडचा विद्यार्थी तिकडे शिकायला गेला. त्याच्या लक्षात आलं, की वायलीची जी पुस्तकं अमेरिकेत महाग, तीच आशियाई आवृत्तीत स्वस्त. घरच्यांना सांगून तो ती मागवायचा आणि तिथे विकायचा. वायलीने कोर्टात खेचलं. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. प्रत कुठेही कायदेशीर छापलेली असो, एकदा विकली की विकली. आपल्या पुस्तकांच्या मागे 'फक्त भारत, नेपाळ, बांगलादेश...' असं जे छापलेलं असतं, ते वाचताना या पठ्ठ्याची आठवण येते.

आता खरी मेख. हे सगळं कागदी पुस्तकाला. ई-जर्नल, ई-बुक यांच्याबाबतीत लायब्ररी काही विकतच घेत नाही, ती भाडं भरते. आपल्या लायब्ररीच्या मागच्या खोलीत जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड आहेत. बाइंडिंग उसवलंय, वाळवीच्या खुणा आहेत, पण वाचायला मिळतात. त्यानंतरच्या काळातले अंक ऑनलाइन पॅकेजमध्ये होते. एका वर्षी पॅकेजचं नूतनीकरण रखडलं, आणि ज्या वर्षांचे पैसे भरले होते त्या वर्षांचे अंकही स्क्रीनवरून गेले. त्या वेळी प्रोजेक्ट करणारी बीईची बॅच काय म्हणत होती ते इथे छापण्याजोगं नाही. खंड वाळवीने खायला वीस वर्षं लागतात, करार एका रात्रीत संपतो. आणि कलम ५२ मधली सवलत मुळात हातात प्रत असेल तरच उपयोगाची. स्क्रीनवर 'लॉग इन करा' असं आल्यावर कलम दाखवायचं कुणाला?

यावर सरकारने एक मोठी योजना आणली आहे, 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० जर्नल्स, आणि केंद्र व राज्य सरकारच्या ६,३०० च्या वर संस्था. जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. एका देशाने एकच करार करायचा, ही कल्पना चांगलीच आहे. पण या यादीत सरकारी संस्था आहेत. म्हणजे आंबेगाव तालुक्यातलं अवसरी खुर्दचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय त्या कक्षेत बसतं, आणि त्याच रस्त्यावर पुढे जुन्नर तालुक्यातली आमच्यासारखी विनाअनुदानित कॉलेजं पहिल्या टप्प्यात बसत नाहीत. विद्यापीठ एकच, सिलॅबस एकच, पेपर एकाच दिवशी. फी मात्र आम्ही जास्त भरतो. हा माझा वैयक्तिक जळफळाट समजून सोडून द्या हवं तर, पण मुद्दा मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये कुणीतरी काढायला हवा.

मग मुलं काय करतात? जे करतात ते सगळ्यांना माहीत आहे. साय-हब नावाच्या साइटवरून पेपर उतरवतात. डिसेंबर २०२० मध्ये एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी तिच्यावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ती साइट भारतात बंद करण्याचा आदेश दिला. त्या आठवड्यात हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये सुतकी कळा होती.

पण सरळ वाटही आहे, आणि ती आपल्या उशाशी आहे! नारायणगावहून जवळच खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आपण सगळे तिथे जत्रेला गेल्यासारखे जातो, डिशसमोर फोटो काढतो, भेळ खाऊन परत येतो. पण तिथून निघालेलं संशोधन वाचायला एक रुपया लागत नाही, हे किती जणांना माहीत आहे? खगोलशास्त्रज्ञांची जुनी पद्धत आहे. जर्नलमध्ये छापायला दिलेला पेपर ते 'आर्काइव्ह' या खुल्या साइटवरही ठेवतात. पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये ती सुरू केली. जून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याची बातमी जगभर झाली. त्यात युरोपीय गटाबरोबर भारतीय गटही होता, आणि भारतीय गटाची निरीक्षणं खोडदच्या याच दुर्बिणीतली. तो पेपर हॉस्टेलच्या रडतखडत चालणाऱ्या वायफायवरही पाच मिनिटांत उतरतो. समजायला वेळ लागेल, पण दारात कुणी पैसे मागत नाही. जीएमआरटीची मूळ माहिती देणारा गोविंद स्वरूप यांचा १९९१ चा लेखही 'करंट सायन्स'मध्ये आहे, आणि ते नियतकालिक खुलं आहे. ईअँडटीसीवाल्यांनी अँटेनाच्या ओरलआधी हे बघावं.

म्हणजे तोच कायदा, तोच कॉपीराइट. फरक एवढाच, की लेखकाने स्वतःहून दार उघडं ठेवलं. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी खेळण्यांची आणि पुस्तकांची जी साइट उभी केली, तीही याच वाटेची. आपले बीई प्रोजेक्ट रिपोर्ट दरवर्षी काळ्या बाइंडिंगमध्ये बांधून कपाटात जातात आणि पुढच्या वर्षी कॉपी मारायलाच बाहेर निघतात. ते मात्र अजून कुणी खुले केलेले नाहीत.

सिव्हिलवाल्यांचा एक जिव्हाळ्याचा विषय राहिला, आयएस कोड. ४५६, ८००, १८९३ ही पुस्तकं म्हणजे आमच्या रूम पार्टनरच्या गीता-कुराण-बायबल. घर पडू नये म्हणून सरकारी संस्थेने केलेले नियम, आणि तेच वाचायला पैसे मोजायचे, हा विचित्र प्रकार होता. कार्ल मालामुड या अमेरिकन गृहस्थांनी भारतीय मानकं विकत घेऊन, स्कॅन करून इंटरनेटवर मोफत ठेवली. त्यावरून ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्सशी त्यांचा वाद झाला आणि प्रकरण २०१५ मध्ये जनहित याचिका म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. आज ब्युरोच्या स्वतःच्या पोर्टलवर नाव नोंदवलं की बहुतेक भारतीय मानकं मोफत उतरवून घेता येतात. तरीही लायब्ररीतल्या कोडच्या फाटक्या प्रतीसाठी अजून भांडणं होतात. सवय, दुसरं काय.

तालुक्यातल्या सार्वजनिक वाचनालयांचा प्रश्न आणखी वेगळा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, त्यानुसार अ, ब, क, ड वर्ग ठरतात आणि अनुदान मिळतं. कपाटात जुनी पुस्तकं असतात, कधीच पुन्हा न छापलेली. आपल्याकडच्या पश्चिम पट्ट्यातल्या पावसात कागदाला बुरशी येते, पानं एकमेकांना चिकटतात. स्कॅन करावं तर 'कॉपीराइटचं लफडं नको' म्हणून कुणी हात लावत नाही. कलम ५२ इथे चक्क मदतीला आहे. बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःकडे असलेल्या कागदी प्रतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत करून ठेवता येते. भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढता येतात. कॉलेजची लायब्ररी 'सार्वजनिक' धरायची का, यावर वकील भांडू शकतील, पण गावातल्या वाचनालयाला तो प्रश्न नाही. मात्र जतन म्हणजे जतन. उचलून इंटरनेटवर टाकणं त्यात बसत नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पाचं तेच झालं. बंगळूरच्या आयआयएससीच्या पुढाकाराने हजारो जुनी पुस्तकं, मराठीसुद्धा, स्कॅन होऊन नेटवर आली. त्यात कॉपीराइट शिल्लक असलेलीही मिसळली, आणि २०१७ च्या सुमारास साइट बंद झाली. तोपर्यंत लोकांनी बरीचशी पुस्तकं दुसरीकडे उतरवून ठेवली होती म्हणून बरं.

जुन्नरच्या इतिहासात रस असणाऱ्यांसाठी एक सोय सांगतो. पुणे जिल्ह्याचं इंग्रज काळातलं गॅझेटिअर १८८५ चं, त्यात जुन्नर, शिवनेरी, लेणी यांची भरपूर माहिती आहे. सुधारित आवृत्ती १९५४ ची. सरकारी प्रकाशनाची मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षं, म्हणजे दोन्ही आता मोकळी. आणि नाणेघाटातल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या नागनिकेच्या लेखावर कुणाचाच कॉपीराइट नाही. पण त्याचा तुम्ही काढलेला फोटो तुमचा. गॅदरिंगच्या पोस्टरवर माझा नाणेघाटाचा फोटो माझं नाव न टाकता कुणी वापरला, ते मला माहीत आहे. असो.

एक गोष्ट मात्र अभिमानाची. अंधांना वाचता येईल अशा रूपात, म्हणजे ब्रेल, ध्वनिमुद्रण, वाचता येणारी संगणकीय फाइल, पुस्तकाची प्रत करायला आपल्या कायद्यात २०१२ पासून परवानगीची गरज नाही. याच विषयावर मराकेश शहरात २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. आपल्या लायब्ररीत अशी एकही फाइल नाही.

तर रूम पार्टनरचं पुढे काय झालं? मी हे सगळं सरांना सांगितलं. सरांनी कलम ५२ शांतपणे पुन्हा वाचलं. मग मॅडमना फोन करून सिलॅबसमधले कोणते धडे लागतील ते विचारलं, आणि एका चिठ्ठीवर पानांचे नंबर लिहून, खाली सही करून पुस्तक त्याच्या हातात दिलं. "एवढीच काढायची. आणि तासाभरात परत." सत्तेचाळीस पानं निघाली. गेटबाहेरच्या दादांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, असं काही त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं होतं.

उरलेल्या पुस्तकासाठी आम्ही पुढच्या शनिवारी पुण्याला गेलो. अप्पा बळवंत चौकात जुनी आवृत्ती दोनशे वीस रुपयांना मिळाली. पहिल्या पानावर आधीच्या मालकाचं नाव, सांगलीच्या एका कॉलेजचा शिक्का आणि वर्ष २००४. मार्जिनमध्ये पेन्सिलीने सोडवलेली उदाहरणं, त्यातलं एक चुकलेलं. रूम पार्टनरने ते खोडून शेजारी बरोबर करून ठेवलंय. भिंतीवरचा पिवळा कागद सरांनी काढलाय, नवा अजून लावलेला नाही. मजकूर लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलंय आणि तो चार ओळींत कसा बसवायचा ते अजून जमत नाहीये.